छेदनबिंदूला नाव द्या

(1985 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आपलं काम, आपल्या तोंडून’ या सत्रात केलेलं भाषण.)



काल रात्री जेवणं झाल्यावर मला तिघांनी तरी विचारलं, “तू नक्की करतेस काय?” मी म्हटलं, “मी जाळ्या करते. मेश.” त्यावर एकीने तिच्या फ्लॅटच्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायला किती खर्च येईल, असं विचारलं. दुसऱ्याने कोयनेच्या बॅकवॉटरमधल्या मासेमारीची चौकशी केली. तेव्हा आज मिळालेली वीस मिनिटं मी या गैरसमजासाठी खर्च करणार आहे. आणि शेवटी सरांचं एक जुनं देणं आहे, तेही फेडायचं आहे.

माझी जाळी कॉम्प्युटरमध्ये असते. एखादा डोंगर, धरण किंवा बोगदा वजन, पाणी, भूकंप यांच्याखाली कसा वागेल हे काढायचं असेल, तर अख्ख्या डोंगराचं गणित एका दमात सुटत नाही. म्हणून त्याचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं सोपं गणित मांडायचं आणि शेजारच्या तुकड्यांशी जोडत जायचं. या पद्धतीला ‘फायनाईट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ या अमेरिकन इंजिनिअरने 1960 मध्ये दिलं. सपाट आकृतीत हे तुकडे बहुधा त्रिकोण असतात. घन आकारात ते चतुष्फलक असतात, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे, चार कोपऱ्यांचे. दुधाची ती जुनी तिकोनी पिशवी आठवा, तोच आकार. एका मध्यम कामात असे दहा-वीस लाख चतुष्फलक सहज होतात.

आपल्या खोऱ्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप आपल्यापैकी कुणी पाहिला नाही, पण आईवडिलांकडून सगळ्यांनी ऐकला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. 103 मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. जिथे मागच्या उताराचा कोन बदलतो, साधारण तिथे. त्या भेगा तिथेच का पडल्या, हे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी 1973 च्या लेखात गणिताने दाखवलं. आज ‘ॲबॅकस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सोबतच्या उदाहरणांत कोयना धरण आहे. म्हणजे कुठल्या तरी दूरच्या देशातला विद्यार्थी काँक्रीटला भेग कशी पडते हे शिकताना आपलं धरण त्रिकोण-चौकोनांत कापत बसलेला असतो. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा ऑफिसात कुणाला सांगावं ते कळेना. म्हणून आज तुम्हाला सांगते.

आता माझा खरा विषय. जाळीत रेषा बसवणं.

डोंगराच्या आत काही गोष्टी इतक्या बारीक असतात की त्यांना जाडी देऊन चालत नाही. बोअरवेल, खडकात ठोकलेला लोखंडी बोल्ट, काँक्रीटमधली सळई. शंभर मीटरच्या डोंगरात 32 मिलिमीटरचा बोल्ट खरोखरच्या जाडीने काढायचा म्हटलं, तर जाळी इतकी बारीक होते की मशीन बसूनच राहतं. म्हणून आपण त्याला फक्त रेषा मानतो आणि जाळीला सांगतो, बाई गं, तुझे चतुष्फलक कसेही कर, पण त्यांच्या कडा या रेषेवरून गेल्या पाहिजेत. आमच्या भाषेत याला रेषा ‘एम्बेड’ करणं म्हणतात. भाकरीच्या पिठात दोरा मळून घ्यावा, तसं. पीठ दोऱ्याच्या दोन्ही अंगांना चिकटलेलं असलं पाहिजे.

सपाट कागदावर हे सोपं आहे. कागदावर बिंदू आहेत, त्यांची त्रिकोणांची जाळी झाली आहे आणि तुम्हाला दोन बिंदूंमधली एक विशिष्ट रेषा जाळीत हवी आहे. मध्ये दुसरा बिंदू आड येत नसेल, तर काही त्रिकोणांचे कर्ण फिरवून ती रेषा नेहमी बसवता येते. नवा बिंदू लागत नाही.

घनाकृतीत तसं नाही. आता तुमच्या टेबलांवर मी काड्या आणि रबराचे तुकडे ठेवलेत ते घ्या. खाली एक त्रिकोण करा, वर तसाच एक त्रिकोण, कोपऱ्याला कोपरा उभ्या काड्यांनी जोडा. आता वरचा त्रिकोण 30 अंशांनी पिळा आणि प्रत्येक बाजूला, पीळ आतल्या बाजूला दबेल अशी, एक तिरकी काडी लावा. एकूण बारा काड्या, सहा कोपरे, आठ त्रिकोणी बाजू. आता याचे चतुष्फलक करा बघू, नवा कोपरा न घेता.

होत नाही. कुठलेही चार कोपरे घेतले तरी त्यांना जोडणारी एखादी रेषा आकृतीच्या बाहेरून जाते. ही आकृती शोनहार्ट या जर्मन गणितज्ञाने 1928 मध्ये दाखवली. तिचा अर्थ असा की तीन मितींमध्ये जाळीला नुसता हुकूम सोडून भागत नाही. कधी कधी एखादा जादा बिंदू द्यावाच लागतो. तो कुठे द्यायचा, यातच अर्धं काम असतं.

जाळी करायची एक प्रसिद्ध रीत डेलोने या रशियन गणितज्ञाच्या 1934 च्या लेखावर उभी आहे. नववीत आपण त्रिकोणाचं परिवर्तुळ काढलं होतं, आठवतं? कंपास घसरला की मागचा बाक हसायचा. डेलोनेचा नियम तोच आहे: त्रिकोण असे निवडा की कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात दुसरा बिंदू येऊ नये. घनाकृतीत परिवर्तुळाच्या जागी परिगोल. तेव्हा सर, परिवर्तुळाचा पुढे काय उपयोग, असं जो विचारायचा (तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय) त्याला आता उत्तर मिळालं असेल.

इथपर्यंत एकच डोंगर, एकच खडक होता. पण आपला सह्याद्री एकजिनसी नाही. लाव्हाचे थर एकावर एक आहेत. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा लाल मातकट थर असतो. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे तांबडा पट्टा दिसतो, तोच. भूशास्त्राचे लोक त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. खूप खोल गेलं की लाव्हाच संपतो. आपल्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठण्याला सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, ते 2017 मध्ये पूर्ण झालं. तिथे साधारण 1250 मीटरपर्यंत काळा बेसाल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा पायाचा खडक.

आता त्या छिद्राची रेषा मॉडेलमध्ये काढा. तिचा वरचा भाग बेसाल्टच्या ठोकळ्यात, खालचा भाग ग्रॅनाइटच्या ठोकळ्यात. मग ती रेषा कुणाची? माझ्या सगळ्या कामातला सर्वात त्रासाचा प्रश्न हाच आहे.

शेतीच्या भाषेत सांगते. दोन भावांची शेतं शेजारी, मध्ये बांध. विहिरीवरून पाइपलाइन दोघांच्या शेतातून न्यायची आहे. थोरला त्याच्या बाजूने चर खणत आला, धाकटा त्याच्या बाजूने. बांधावर आधी खुंटी मारली नसेल तर दोन चर एकमेकांना भेटतीलच असं नाही. हातभर इकडे-तिकडे झालं तरी पाणी बांधातच मुरतं. आणि दोघंही शपथेवर सांगतात की आमच्या शेतातली पाइप बरोबर आहे. खोटंही बोलत नसतात.

जाळी करणारे प्रोग्राम नेमके या दोन भावांसारखे वागतात. ‘जीमेश’ नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे, बेल्जियममधल्या गोझेन आणि रेमाक्ल या दोन प्राध्यापकांनी केलेला. मी पुष्कळ वर्षं तो वापरते. त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी बिंदू, मग रेषा, मग पृष्ठभाग, सर्वात शेवटी घन. प्रत्येक घन ठोकळा तो स्वतंत्रपणे भरतो. ज्या ठोकळ्यात रेषा एम्बेड करायची, त्या ठोकळ्याच्या आतच ती असली पाहिजे. दोन ठोकळ्यांना भेदून जाणारी अखंड रेषा दिली, तर तो एक तर अडून बसतो, नाही तर भलतंच काही करून ठेवतो.

मग करायचं काय? बांधावर खुंटी मारायची. म्हणजे चार गोष्टी. रेषा सामाईक भिंतीला कुठे छेदते तो बिंदू काढायचा. त्या बिंदूपाशी रेषेचे दोन तुकडे करायचे. तो बिंदू भिंतीच्या पृष्ठभागात बसवायचा. आणि वरचा तुकडा वरच्या ठोकळ्यात, खालचा तुकडा खालच्या ठोकळ्यात एम्बेड करायचा. भिंतीची जाळी घनाच्या आधी होते, त्यामुळे दोन्ही ठोकळ्यांना तोच बिंदू तयार मिळतो.

यात एक अट आहे. भिंत एकच असली पाहिजे. पुष्कळदा दोन ठोकळे वेगवेगळे काढून शेजारी ठेवलेले असतात. डोळ्यांना एक भिंत दिसते, पण कॉम्प्युटरच्या लेखी त्या दोन असतात, एकीला एक चिकटलेल्या. मग वरच्या ठोकळ्याचे त्रिकोण वेगळे, खालच्याचे वेगळे, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून आधी त्या दोन भिंतींची एक करून घ्यावी लागते. आजकाल हे सगळं एका आज्ञेत करून मिळतं. प्रोग्राम सगळ्या आकृत्या एकमेकींना छेदून त्यांचे तुकडे पाडतो. पण त्यानंतर रेषांचे क्रमांक बदलतात. आधीची सात नंबरची रेषा आता सात आणि एकोणीस असू शकते. जुन्याच क्रमांकावर लोखंडाचे गुण लावले, की अर्धा बोल्ट लोखंडाचा आणि अर्धा नुसता कागदावरचा.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी घाटातल्या एका रस्त्याच्या कटिंगचं काम माझ्याकडे होतं. वर बेसाल्ट, मध्ये 30 सेंटिमीटरचा लाल थर, खाली पुन्हा बेसाल्ट. थराचा उतार रस्त्याकडे. पावसात तो थर मऊ झाला की वरचा खडक त्यावरून घसरण्याची भीती. म्हणून चाळीस बोल्ट ठरले होते, प्रत्येक सहा मीटरचा, वरच्या खडकातून लाल थर भेदून खालच्या खडकात जाणारा. फाटलेल्या गोधडीला टाके घालावेत तसे. हे चाळीस पुरतात का, एवढं मला सांगायचं होतं.

प्रत्येक बोल्ट तीन ठोकळ्यांतून जातो आणि दोन भिंती ओलांडतो. छेदनबिंदू शोधणारा छोटा प्रोग्राम मीच लिहिला. भिंती सर्व्हेच्या बिंदूंवरून केलेल्या, खडबडीत त्रिकोणांच्या होत्या. त्यामुळे एकाच ठिकाणी दोन-दोन तीन-तीन बिंदू निघत होते, मिलिमीटरच्या अंतरावर. असे बिंदू ठेवले तर त्यांच्यामध्ये सुईसारखे चतुष्फलक होतात आणि गणित बिघडतं. म्हणून मी एक ओळ घातली: अर्ध्या मीटरच्या आत दोन बिंदू आले तर ते एकच समज. अर्धा मीटरच का? आधीच्या एका कामात तो आकडा चालला होता. तो मी तसाच उचलला.

थर 30 सेंटिमीटरचा आणि माझी सूट 50 सेंटिमीटरची. तुमच्या लक्षात आलं, माझ्या आलं नाही. थराची वरची भिंत आणि खालची भिंत यांवरचे दोन छेदनबिंदू माझ्या प्रोग्रामने प्रत्येक बोल्टपाशी एक करून टाकले. तिथे थराची जाडी शून्य झाली. वरचा खडक खालच्या खडकाला चाळीस ठिकाणी थेट चिकटला. जिथे घसरायची भीती, नेमकं तिथेच मी त्याला रिव्हेट मारून ठेवलं, लोखंडाचं नाही, चुकीचं.

जाळी झाली. एकही तक्रार नाही. उत्तर आलं: खडक दोन मिलिमीटर सरकतो, काळजी नाही. चित्र फार सुंदर होतं, सगळा डोंगर निळा. मी सही केली आणि रिपोर्ट गेला.

तीन आठवड्यांनी आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी तेच मॉडेल शिकण्यासाठी उघडून बसली होती. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “मॅडम, बोल्ट चाळीस, थराच्या भिंती दोन. मग भिंतींवरचे बिंदू ऐंशी हवेत ना? मला चाळीसच दिसतायत.”

मी तिला म्हटलं, नीट मोज. तिने नीटच मोजले होते.

त्या संध्याकाळी मी सूट पाच मिलिमीटरवर आणली आणि पुन्हा जाळी केली. पहिल्यांदा जमली नाही, दुसऱ्यांदा जमली. रात्री एकच्या सुमाराला उत्तर आलं: अकरा मिलिमीटर, आणि तेही कोरड्या थराला. ओल्या थराला चाळीस बोल्ट पुरत नव्हते.

खरं सांगते, तासभर मी नुसती बसून होते. कटिंग अजून सुरू व्हायचं होतं. कुणाला कळलं नसतं, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काम देणाऱ्यांकडे जाऊन सांगितलं की माझा रिपोर्ट चुकला आहे, आणि कुठे चुकला आहे तेही दाखवलं. त्यांनी बोल्टची संख्या वाढवली, थरातलं पाणी काढायला तिरकी छिद्रं वाढवली. कटिंग आज उभं आहे. पुढचं काम मात्र मला मिळालं नाही. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्या रात्री मला आठवण झाली ती दहावीच्या भूमितीच्या वहीची. सर आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना कदाचित आठवत नसेल. सहामाहीत मी एक सिद्धता पूर्ण बरोबर लिहिली होती. वर्तुळाची छेदिका होती, ती वर्तुळाला दोन ठिकाणी छेदत होती. मी एका बिंदूला ‘प’ म्हटलं आणि दुसऱ्याला नावच दिलं नाही. आकृती लहान होती, दोन बिंदू जवळजवळ आले होते. सरांनी अर्धा मार्क कापला आणि समासात लाल शाईने लिहिलं: छेदनबिंदूला नाव द्या. मी भांडायला गेले. म्हटलं, सर, उत्तर तर बरोबर आहे. सर म्हणाले, “या आकृतीत बरोबर आलंय. पुढच्या आकृतीत येणार नाही.”

पुढची आकृती यायला तीसएक वर्षं लागली, एवढंच.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. कुठलीही जाळी गणिताला देण्याआधी चार गोष्टी कागदावर, हाताने लिहायच्या. रेषा किती, त्या ओलांडतात त्या भिंती किती, आणि म्हणून बिंदू किती हवेत. प्रोग्रामने सांगायच्या आधी आपण सांगायचं. दुसरं, तुकडे केल्यावर प्रत्येक रेषेच्या तुकड्यांची लांबी मिळवायची. सहा मीटरचा बोल्ट कापल्यावरही सहाच मीटर भरला पाहिजे. तिसरं, भिंतीवरचा प्रत्येक त्रिकोण दोन्ही ठोकळ्यांच्या हिशेबात सापडला पाहिजे, एकाच्याच नाही. चौथं, सूट किती ठेवली आणि मॉडेलमधली सर्वात पातळ वस्तू किती जाडीची आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे. पहिला दुसऱ्यापेक्षा पुष्कळ लहान असला पाहिजे. यातलं काहीच नववी-दहावीच्या पलीकडचं नाही. त्या मुलीने नववीचंच गणित केलं होतं: चाळीस दुणे ऐंशी.

वेळ संपत आली, तेव्हा आवरते.

मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मी दोन दिवस येणार आहे. नववी-दहावीच्या मुलांना काड्यांचे चतुष्फलक करायला लावीन, आणि ती 1928 ची पिळलेली आकृती करून आव्हान देईन. कुणाला यायचं असेल तर या. काड्या कापायला माणसं लागतील. आपल्या वेल्डिंगवाल्या मित्राने ती आकृती लोखंडी सळयांची करून शाळेला द्यायचं काल रात्री कबूल केलं आहे. साक्षीदार पुष्कळ आहेत, आता त्याला फिरता येणार नाही.

आणि सर, ते देणं. काल घरून निघताना जुन्या ट्रंकेत ती वही सापडली. सहामाहीचा पेपर तिच्यात घडी घालून ठेवलेला होता. तो बरोबर आणला आहे. आकृतीतल्या दुसऱ्या बिंदूला मी काल नाव दिलं, ‘फ’. मार्क वाढवून मागत नाही. तो अर्धा मार्क तुम्ही बरोबर कापला होता, एवढं सगळ्यांसमोर सांगायचं होतं.